कोठीच्या खोलीचा रॅक : रूपावर नव्हे, वजनावर निवडा

मे महिना संपत आला होता. वर्षाचा गहू निवडून, उन्हे देऊन झाला होता. तूरडाळीला एरंडेलाचा हात लागला होता आणि कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या दादरा बांधून तयार होत्या. एवढे सगळे ठेवायचे कुठे, म्हणून सुनेने कोठीच्या खोलीसाठी नवा लोखंडी रॅक आणला. साडेसहा फूट उंची, पाच फळ्या, राखाडी चकचकीत रंग आणि किंमत शेजारच्या दुकानातल्या रॅकपेक्षा बरीच कमी. घरात सगळ्यांनी तिच्या खरेदीचे कौतुक केले.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास कोठीच्या खोलीतून धाडकन आवाज आला. दिवा लावून पाहिले, तर वरून दुसरी फळी मधोमध वाकून निखळली होती आणि आपल्याबरोबर खालच्या दोन फळ्याही घेऊन आली होती. तेलाचा डबा आडवा झालेला, बरणीचे तुकडे झालेले, डाळ लोणच्यात माखलेली. सून रडकुंडीला आली. सासूबाई मात्र लोणच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या पाहत होत्या चार वर्षांच्या नातवाच्या तीनचाकी सायकलकडे. रॅकला टेकवून ठेवलेली ती सायकल तो रोज दुपारी स्वतः जाऊन बाहेर काढत असे. “दुपारी नाही पडलं, हेच पुष्कळ झालं,” एवढेच त्या म्हणाल्या.

असा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो. यात दोष कोणाचा? दुकानदाराने रॅक विकला तो कपडे, वह्या-पुस्तके, फायली ठेवण्यासाठी. त्यावर धान्याचे डबे चढणार आहेत हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि फळी किती वजन पेलेल हे त्याला कोणी विचारले नव्हते. साडी घेताना पदर, काठ, पोत सारे उलगडून पाहणाऱ्या आपण रॅक घेताना मात्र रंग आणि किंमत एवढेच पाहतो. खरे तर रॅक ही वजन पेलण्यासाठी घ्यायची वस्तू आहे, म्हणून तिची निवडही वजनापासूनच सुरू व्हायला हवी.

आधी घरी वजन करा

दुकानात जाण्यापूर्वी एक कागद-पेन्सिल घेऊन कोठीच्या खोलीत उभे राहा आणि रॅकवर जे जे ठेवायचे आहे त्याची यादी करा. वजनाचा अंदाज डोळ्यांनी करू नका, तो हमखास चुकतो. पाणी एका लिटरला एक किलो असते, म्हणजे २० लिटरचा पाण्याचा कॅन भरल्यावर २० किलोंच्या वर जातो. तेलाचा १५ किलोंचा डबा, २५ किलोंचा तांदूळ, चिनी मातीच्या भरलेल्या बरण्या, जुनी मासिके, पितळेची मोठी पातेली, सारे मिळून वजन किती झपाट्याने वाढते हे यादी केल्यावरच कळते. घरात वजनाचा काटा असेल, तर आधी स्वतःचे वजन करा, मग डबा हातात घेऊन पुन्हा काट्यावर उभे राहा. दोन्हींतला फरक म्हणजे डब्याचे वजन.

आता एकेका फळीवर काय काय येईल ते ठरवा. समजा एका फळीवर १५ किलोंचा तेलाचा डबा, २० किलो गव्हाचा डबा आणि ५ किलो डाळ ठेवायची आहे. झाले ४० किलो. यात निम्मे आणखी मिळवा, म्हणजे ६० किलो. दुकानात मागायची ती ६० किलो पेलणारी फळी. हे वीस किलो वायफळ नाहीत. सणासुदीला जास्तीचा डबा येतो, कोणी फळीवर हात टेकवून वरचे सामान काढते, एखादा डबा जोरात आपटला जातो. त्या सगळ्यांसाठी ही सोय आहे.

दुकानदार किंवा जाहिरात फळीची जी क्षमता सांगते ती सहसा संपूर्ण फळीवर सारख्या पसरलेल्या वजनाची असते. तेच वजन मधोमध एका जागी ठेवले तर फळी कितीतरी जास्त वाकते. तेव्हा जड डबे मध्यावर न ठेवता दोन्ही टोकांना, खांबांजवळ ठेवावेत. घरबसल्या रॅक मागवणार असाल, तर जाहिरातीतला किलोंचा मोठा आकडा एका फळीचा आहे की पाचही फळ्यांचा मिळून, हे नीट वाचून घ्या.

जागेचे माप घ्या

बाजारात लोखंडी रॅकची रुंदी बहुधा ३ फूट असते आणि खोली १२, १५, १८ किंवा २४ इंच. घरगुती कोठीसाठी १५ इंच खोली पुरेशी होते. फक्त बरण्या आणि लहान डबे असतील तर १२ इंचांतही भागते. धान्याचे मोठे डबे असतील तर त्यांचा व्यास मोजून १८ इंची घ्यावी. २४ इंच खोल फळीच्या मोहात पडू नका. मागे गेलेली वस्तू पुढच्या दिवाळीपर्यंत दिसत नाही आणि मागच्या रव्याला कधी जाळी लागली ते कळत नाही.

रॅकच्या मापाची जुनी वर्तमानपत्रे कोठीच्या जमिनीवर अंथरून पाहा. दार पूर्ण उघडते का, खाली वाकून डबा ओढायला जागा उरते का, खिडकी झाकली जात नाही ना, हे पाच मिनिटांत समजते. भिंतीपासून दोन-तीन इंच जागा मोकळी सोडायची आहे, तीही मापात धरा. पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि भिंतीला चिकटून ठेवलेले धान्य पहिल्यांदा खराब होते.

रुंदीच्या बाबतीत तर सावधच राहायला हवे. ३ फुटांऐवजी ४ फुटांची सलग फळी घेतली तर सामान जास्त मावेल असे वाटते. पण तेवढेच वजन ठेवले तरी ४ फुटांची फळी ३ फुटांच्या फळीपेक्षा जवळजवळ अडीच पट वाकते, कारण लांबी दुप्पट झाली की वाक आठपट होतो. दोन खांबांमधले अंतर जितके कमी, तितकी फळी भक्कम.

कोणता रॅक कोणासाठी?

भोकाभोकांच्या अँगलचा लोखंडी रॅक, म्हणजेच स्लॉटेड अँगल, हा मध्यमवर्गीय घरासाठी सर्वांत सोयीचा. ही कल्पना लंडनमध्ये छापखाना चालवणारे अभियंते डेमेट्रियस कोमिनो यांची. १९४७ च्या सुमारास त्यांनी ती ‘डेक्सियन’ या नावाने बाजारात आणली. मुलांच्या मेकॅनोप्रमाणे नट-बोल्टने हवा तसा जोडायचा, नको झाला की सोडवायचा. फळ्या वरखाली करता येतात, बदली झाली की सारा रॅक सुटा करून टेम्पोत टाकता येतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी डोळे झाकून याचाच विचार करावा. त्याचा एकच शत्रू आहे, गंज. कोकण, गोवा, मुंबई किंवा चेन्नईसारख्या खाऱ्या हवेच्या ठिकाणी साध्या रंगाऐवजी जस्ताचा मुलामा दिलेला किंवा पावडर कोटिंग केलेला घ्यावा. इंदूर, नागपूरसारख्या कोरड्या हवेत साधा रंगही चांगला टिकतो.

स्वतःचे घर असेल तर कडप्प्याच्या फळ्या हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेल्या या काळ्या दगडाला वाळवी लागत नाही, ओल बाधत नाही, तेल सांडले तर पुसून घेता येते. पण ३ फूट लांब, १५ इंच रुंद आणि एक इंच जाडीची एकच फळी स्वतःच २० किलोंच्या वर भरते. म्हणून आधार भिंतीत पक्का हवा आणि दोन-अडीच फुटांवर उभा टेकू हवा. लोखंड तुटण्यापूर्वी वाकून इशारा देते, दगड मात्र अचानक तडकतो. फळीवर केसासारखी रेघ दिसली की सामान तातडीने उतरवावे.

लाकडी फळ्या करायच्या असतील तर प्लायवूडची जात पाहा. साधा प्लाय कोरड्या जागी चालतो. ओल असेल तर आयएसआय शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा. त्यावर आयएस ७१० हा क्रमांक छापलेला असतो. भुशाचे दाबून केलेले पार्टिकल बोर्ड स्वस्त आणि देखणे असते, पण एकदा पाणी प्यायले की फुगते आणि स्क्रू धरून ठेवत नाही. कोठीच्या खोलीत ते नकोच. जाडीत काटकसर करू नका. १२ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटर प्लाय घेतला तर फळी तिपटीहून अधिक ताठ राहते, खर्च मात्र तितका वाढत नाही.

प्लॅस्टिकचे रॅक कांदे-बटाटे, चपला, साबणाच्या वड्या यांसाठी ठीक. धान्यासाठी नाहीत. वजन कायम राहिले तर प्लॅस्टिक महिनोन्‌महिने हळूहळू वाकतच जाते. स्टेनलेस स्टीलच्या तारांचे रॅक दमट हवेत उत्तम, पण महाग. शिवाय तारांवर लहान डबे कलंडतात.

गेजचा घोळ

लोखंडी रॅकची सारी मजबुती पत्र्याच्या जाडीत आहे आणि ही जाडी बाजारात ‘गेज’मध्ये सांगतात. इथेच ग्राहक फसतो. गेजचा आकडा मोठा म्हणजे पत्रा जाड असे वाटते, पण प्रत्यक्षात नेमके उलटे असते. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९ मिलिमीटर, २२ गेज ०.७ मिलिमीटर आणि २४ गेज जेमतेम ०.५५ मिलिमीटर. उभ्या खांबांसाठी १४ गेज, म्हणजे सुमारे २ मिलिमीटरचा अँगल चांगला. धान्याच्या फळीसाठी २० गेज घ्यावा. २२ गेज हलक्या सामानाला चालेल. २४ गेजवर धान्य ठेवूच नये.

पण रंग लावलेल्या पत्र्याची जाडी ओळखायची कशी? याला साधा उपाय आहे, फळीचे वजन करा. एक चौरस मीटर क्षेत्राच्या, एक मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचे वजन ७.८५ किलो असते. या हिशेबाने ३ फूट बाय १५ इंचांची, चारी बाजूंनी दीड-दीड इंच दुमडलेली फळी २० गेजची असेल तर साधारण सव्वातीन किलो भरते, २२ गेजची अडीच किलो आणि २४ गेजची फक्त दोन किलो. दुकानात काटा नसला तर घरचा ताणकाटा पिशवीत टाकून न्या.

त्या सुनेने दुसऱ्यांदा रॅक घेताना हेच केले. दुकानदार म्हणाला, “ताई, एकदम हेवी आहे. बिनधास्त घेऊन जा.”

“दादा, फळी किती गेजची?”

“वीसची.”

“मग एक सुटी फळी जरा काट्यावर ठेवता का?”

फळी दोन किलो शंभर ग्रॅम भरली. दुकानदार ओशाळला, आतून दुसरी फळी घेऊन आला आणि म्हणाला, “ही घ्या. ही तीन-सव्वातीन भरेल. थोडे पैसे जास्त पडतील.” दोन्ही फळ्या दिसायला हुबेहूब होत्या.

भाव ठरवतानाही वजनाचा उपयोग होतो. संपूर्ण रॅकचे वजन विचारा आणि किमतीला त्या वजनाने भागा. ३ फूट बाय १५ इंचांच्या पाच फळ्यांचा, सात फूट उंचीचा चांगला रॅक साधारण २५ किलोंच्या आसपास भरतो. दोन दुकानांतील ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ रॅकची किलोला पडणारी किंमत काढली की पुष्कळदा दिसते, स्वस्त रॅकमध्ये लोखंडच कमी आहे. फळ्यांचा आणि खांबांचा गेज बिलावर लिहून घ्यायला विसरू नका. हार्डवेअरच्या दुकानांची गल्ली असेल, जशी पुण्यात बोहरी आळी, तिथे तीन-चार दुकाने फिरूनच निर्णय घ्यावा.

दुकानात काय तपासाल?

पहिले म्हणजे फळीची दुमड. सपाट कागद वाकतो, पण त्याच्या कडा दुमडल्या की तो ताठ उभा राहतो. पत्र्याचेही तसेच आहे. चारी बाजूंना खोल दुमड आणि खालून मध्यभागी एक आडवी जोडपट्टी असलेली फळी त्याच गेजच्या साध्या फळीपेक्षा कितीतरी भक्कम असते.

दुसरे, कोपऱ्यांतल्या तिकोनी पट्ट्या. दुकानदार त्यांना गसेट म्हणतात. त्या नसतील तर रॅक बाजूला झुकतो आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळू शकतो. निदान सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या फळीला त्या हव्यातच. मागच्या बाजूला फुलीसारख्या दोन तिरक्या पट्ट्या मारून घेतल्या तर आणखी चांगले. जोडलेला रॅक दोन्ही हातांनी धरून बाजूला हलवून पाहा. रिकामा असताना जो डोलतो, तो भरल्यावर जास्तच डोलेल.

तिसरे, बोल्ट. प्रत्येक फळीला आठ बोल्ट, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात दोन बसले पाहिजेत. घाईत कारागीर चारच लावून मोकळे होतात. चौथे, कडा. पत्र्याच्या कडेवर बोट हळूच फिरवा. धारदार असेल तर घेऊ नका, रोज डबे काढताना हात कापतील.

काटकसर करायची असेल तर जुना अँगल रॅक घ्यायला हरकत नाही. दुकाने, कार्यालये बंद होताना असे रॅक निघतात आणि जुन्या फळ्या पुष्कळदा आजच्यापेक्षा जाड असतात. मात्र खांब सरळ आहेत का, भोकांभोवती तडे नाहीत ना, पायथा गंजून पातळ झालेला नाही ना, ते पाहा. वरवरचा गंज घासून रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंटचा हात दिला की रॅक नव्यासारखा होतो. खांब वाकलेला असेल तर मात्र फुकट मिळाला तरी नको.

बसवताना आणि लावताना

चांगला रॅकसुद्धा नुसता उभा करून सोडला तर धोक्याचा. सात फूट उंच आणि सव्वा फूट खोल वस्तू पुढच्या बाजूला सहज कलंडते. लहान मुलाला तर रॅकच्या फळ्या शिडीच्या पायऱ्याच वाटतात. म्हणून वरच्या फळीजवळ दोन्ही बाजूंना अँगलची पट्टी लावून, भिंतीत छिद्र पाडून, गिट्टी बसवून स्क्रूने रॅक भिंतीला पक्का करावा. स्क्रू गिलाव्यात नव्हे, विटेत किंवा काँक्रीटमध्ये रुतला पाहिजे. या कामाला सुताराला अर्धा तास लागतो. कोयना, किल्लारी, कच्छ यांसारख्या भूकंपाचा अनुभव असलेल्या भागांत तर हे टाळूच नये.

खांबांना खालून प्लॅस्टिकचे बूट घाला. त्यामुळे फरशी तडकत नाही आणि लादी पुसतानाचे पाणी लोखंडाला लागत नाही. सर्वांत खालची फळी जमिनीपासून सहा ते आठ इंच वर ठेवावी, म्हणजे झाडू आत जातो आणि उंदरांना लपायला जागा राहत नाही.

आता सामान लावण्याचा नियम. जड खाली, हलके वर. तेलाचा डबा आणि गहू-तांदूळ खालच्या दोन फळ्यांवर, रोजच्या वापराच्या डाळी-कडधान्ये कमरेच्या उंचीवर, पापड-कुरडयांचे डबे आणि रिकामी भांडी वर. यामुळे रॅकचा तोल राहतो आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला डोक्यावरून जड डबा उतरवावा लागत नाही. लोणच्याच्या बरणीखाली थाळी ठेवावी, कारण मीठ आणि खार पत्र्यावर ओघळला की तिथूनच गंज धरतो. फिनेल, ढेकणाचे औषध यांची जागा धान्याच्या रॅकवर नाही. धान्याला लावायच्या विषारी वायूच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नयेत. भरलेला गॅस सिलिंडरही रॅकवर चढवायचा नसतो, तो हवेशीर जागी जमिनीवर उभाच राहिला पाहिजे.

पहिल्या महिन्यानंतर एकदा आणि मग दर सहा महिन्यांनी सारे बोल्ट पान्याने आवळून घ्या. फळीच्या काठावर एक दोरा ताणून धरा. फळी दोऱ्याखाली झुकलेली दिसली तर त्यावरचे वजन कमी करा. वाकलेली फळी उलटी करून वापरणे ही काटकसर नव्हे.

त्या घरात आता नवा रॅक भिंतीला घट्ट बांधलेला उभा आहे. पहिल्यापेक्षा तो महाग पडला, पण फुटलेली बरणी, सांडलेले तेल आणि वाया गेलेली डाळ यांचा हिशेब मांडला तर तो स्वस्तच म्हणायचा. नातवाची सायकल मात्र सासूबाईंनी तिथून हलवून बाहेरच्या व्हरांड्यात ठेवली आहे. रॅक कितीही मजबूत असला तरी लहान मुलांची खेळायची जागा कोठीच्या खोलीत नसावी, असे त्यांचे म्हणणे.

यंदा कोठीसाठी रॅक घ्यायचा बेत असेल, तर पर्समध्ये पैशांबरोबर एक चिठ्ठीही ठेवा. तिच्यावर तीनच गोष्टी लिहिलेल्या असू द्या : एका फळीवर येणारे वजन, जागेचे माप आणि पत्र्याचा गेज. रंग कोणता घ्यायचा, ते शेवटी ठरवा.